परेशच्या गाडीचा आवाज

इंजिनाला हवा गाळून देणाऱ्या डब्याचं, एअरबॉक्सचं झाकण उचललं आणि आतून असा भपकारा आला, की संपदाने मान मागे घेतली. उंदरांनी तिथे चांगला संसार थाटला होता. बॉनेटखालचं अस्तर कुरतडून केलेला कापूस, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे सोनेरी कपटे, सुक्या बोंबलाचं डोकं, लेंड्यांचा काळा थर आणि फिल्टरच्या घड्यांत अडकून वाळलेलं एक पिल्लू. लाल रंगाची, टर्बो इंजिनाची ती स्पोर्ट्स कार पावसाळाभर कव्हर घालून उभी होती. तेवढ्या काळात तिचा खरा उपयोग कुणी करून घेतला, ते आता दिसत होतं.

गाडीचा मालक परेश शटरपाशी उभा होता. डब्यात एकदा डोकावून तो मागे सरला तो तिथेच थांबला. वडिलांच्या गोदामांवर मजेत जगणारा, तिशीतला, अत्तर लावलेला तरुण. रुमाल नाकाला दाबून तो म्हणाला, की असली घाण त्याला बघवत नाही, उलटी होते, तेव्हा ताईंनी ते आधी नजरेआड करावं.

संपदाला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती वसईतल्या होळी गावच्या बागायतदारांची मुलगी. शेणखत, सडलेली केळी, पाटात कुजलेली पानं यांच्यात वाढलेली. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून तिने काही वर्षं एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि मग सिप्रियनबरोबर सातिवलीत हा गाळा भाड्याने घेतला. सिप्रियन साठीकडे झुकलेला, उमेदीची वर्षं आखातातल्या गॅरेजांत घालवून वसईला परतलेला. ती त्याला अंकल म्हणायची, तो तिला बाय. दोघांचं जमायचं, कारण दोघांनाही काम अर्धवट सोडलेलं आवडत नसे.

तिने हातमोजे घातले, घरटं पिशवीत भरलं, डबा धुऊन उन्हात ठेवला आणि परेशने आणलेलं खोकं उघडलं. आत बाहेरून मागवलेलं इनटेक होतं: चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला शंकूसारखा उघडा लाल फिल्टर. कंपनीच्या बंद डब्याऐवजी हा बसवला, की इंजिन मोकळेपणी हवा ओढतं आणि ओढताना ऐकूही येतं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की टर्बोमध्ये दाबलेली हवा सुटते आणि मोठं जनावर फिस्कारावं तसा आवाज होतो. डब्यात तो मरतो. उघड्या फिल्टरमधून सगळाच्या सगळा बाहेर येतो.

तिने परेशला खरं तेच सांगितलं, की आपल्याकडच्या उकाड्यात याने ताकद फारशी वाढणार नाही, उलट इंजिनाची उष्णता अडवणारा पडदा नीट बसला नाही तर इंजिन गरम हवा ओढेल.

परेश हसला. “ताई, पॉवर कोणाला दिसते? आवाज पाहिजे आपल्याला.”

असं म्हणणारी गिऱ्हाइकं तिने पुष्कळ पाहिली होती. हौस आहे, करू द्यावी. तिने जुन्या नळीतला हवा मोजणारा सेन्सर जपून काढला, नव्या पाइपात बसवला, रबरी कडं सरळ आहे ना ते बोटाने चाचपलं. पाइप जागेवर बसला तेव्हा तिला नेहमीसारखं बरंही वाटलं. वस्तू चांगली बनवलेली होती.

फिल्टरचा क्लॅम्प आवळायचा राहिला होता तेवढ्यात परेश फोन घेऊन आत आला. वास गेला होता. नक्की कुठला आवाज वाढायला हवा ते त्याला दाखवायचं होतं.

“हे बघा, गेल्या वर्षीचं आहे. मित्राने मागे बसून काढलंय. आवाज ऐका फक्त.”

चिंचोटीच्या बाजूचा ओला रस्ता होता. धबधब्यावरून परतणारी माणसं कडेने चालली होती. गाडी हळूहळू एका बाईच्या मागे गेली. साठीच्या पुढची बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत, डोक्यावर भाजीची पाटी. गाडी अगदी पाठीशी आली, इंजिन गुरगुरलं आणि तो फिस्कार सुटला. बाई जागच्या जागी उडाली. पाटी रस्त्यावर गेली, बाई कडेच्या गटारात, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याला हात आपटून. गाडीतून तीन-चार जण खिंकाळले. कॅमेरा मागे वळला, बाईचं उघडं पडलेलं तोंड जवळ आणलं, आणि मग नुसता रस्ता.

“ऐकलंत? एवढाच येतो,” परेश म्हणाला. “डबल पाहिजे.”

संपदाने विचारलं, “ती पडली तिचं काय झालं?”

परेशने फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“कोण पडली?”

तो बनवाबनवी करत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याने व्हिडिओ मागे नेला, पाहिला आणि म्हणाला, “अच्छा, ही.” मग उत्साहाने त्याने आणखी दाखवले. नातवाचा हात धरून चाललेला म्हातारा. दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या घेतलेला माणूस. बसची वाट बघणारी, पोट पुढे आलेली एक बाई, जिने दचकून दोन्ही हात पोटावर धरले. हे सगळे तो नेटवर टाकत असे आणि लोक खाली लिहून सांगत, कुणाची उडी सर्वांत भारी. म्हाताऱ्यांना जास्त मतं मिळतात, असं परेशने जरा कौतुकानेच सांगितलं.

संपदा मागच्या नळावर गेली आणि तिने कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. ज्या बोटांनी आत्ता तो पाइप इतक्या मायेने बसवला, ती बोटं तिला आपली वाटेनात.

सिप्रियन तिच्या मागे आला. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचं म्हणणं असं, की सुरी विकणारा भाजी कापणाऱ्यालाही विकतो नि दुसऱ्यालाही. पोरगा वाया गेलेला आहे, पण तो गाळ्याच्या बाहेर काय करतो हे आपल्या हातात नाही. काम संपवावं, गाडी घालवावी, पुन्हा दारात घेऊ नये.

“अंकल, त्याला काय करायचंय ते मला सांगून त्याने काम दिलंय,” संपदा म्हणाली. “मग ते माझ्याच हातात आहे.”

ती परत आली, पाना घेतला आणि बसवलेलं उलगडू लागली. आधी परेशला वाटलं, माप चुकलं. तो चौकशी करत राहिला, ती नट सोडवत राहिली. धुतलेला डबा जागेवर गेला, सेन्सर जुन्या नळीत परत गेला, कपाटातला नवा फिल्टर आत बसला. मग तिने ते चकचकीत इनटेक पुसलं, खोक्यात घातलं आणि त्याच्या हातात दिलं.

“आम्ही हे बसवणार नाही. गाडी घेऊन जा.”

परेश आधी हसला, मग चिडला. तिचं काय जातंय, असं त्याने विचारलं. कुणाला काही झालेलं नाही, गंमत असते, आणि गाळ्याचा मालक त्याच्या वडिलांच्या ओळखीचा आहे, हेही सांगून ठेवलं. संपदा सीटवरचं कव्हर काढत राहिली. जाताना त्याने इंजिन उगाच दोन-तीनदा गुरगुरवलं.

त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतून तो फिस्कार ऐकू आला. दुसऱ्या कुणीतरी इनटेक बसवून दिलं होतं. आवाज खरोखरच दुप्पट झाला होता. सिप्रियनने मान वर केली, पण ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाला नाही.

पुढचे काही दिवस संपदाला अन्न गोड लागेना. तिने नाही म्हटलं ते चांगलं केलं, असं नवरा म्हणाला, तेव्हा तिला त्याचाही राग आला. नाही म्हणून काय झालं होतं? तिचे हात तेवढे स्वच्छ राहिले होते. परेशचं खातं सगळ्यांना उघडं होतं आणि ती जेवताना, झोपताना, गाळ्यात बसून ते उघडून बघू लागली. नवे व्हिडिओ येत होते. खाली हसणाऱ्यांत तिला शाळेतल्या एका बाईंचं नाव दिसलं, एका डॉक्टरचं दिसलं, आपल्या चुलतभावाचंही दिसलं. ‘आजी रॉक्स’ असं त्याने लिहिलं होतं. हाच भाऊ दर रविवारी आपल्या आईला हात धरून देवळात नेत असे. संपदाने फोन पालथा घातला आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडला.

एका दुपारी सिप्रियनने तिच्या हातातून फोन घेतला. तो जुना, पाटीवालीचा व्हिडिओ त्याने डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग म्हणाला, “बाय, ही मोरी मला ठाऊक आहे. वळणाच्या अलीकडे, चिंचेखाली. चल.”

शटर ओढून दोघं त्याच्या जुन्या जीपमधून निघाले. मोरी तिथेच होती. जवळच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाल्याने लगेच ओळखलं: हरिश्चंद्रची आई, मथुराबाई. पण ती आता रस्त्यावर येत नाही.

घर आतल्या पाड्यात होतं. मथुराबाई ओट्यावर बसली होती, डावं मनगट वाकडं, बोटं अर्धवट मिटलेली. हरिश्चंद्र कामावर होता, सुनेने पाणी आणून दिलं. कसं पडलात, असं संपदाने विचारलं तर म्हातारी खजील झाल्यासारखी हसली.

“वय झाला ना. पाय सरकला माजा. मोठा आवाज झालेला काय तरी, टायर फुटला असेल कोनाचा. पन पाय माजाच सरकला.”

सून म्हणाली, की तेव्हापासून त्यांनीच आईला एकटीला सोडणं बंद केलं. भाजी विकायला नाही, बाजाराला नाही, शेजारच्या पाड्यातल्या लेकीकडेही नाही. पुन्हा तोल गेला तर काय करायचं. आधी आई भांडायची, आता भांडतही नाही.

संपदाने सिप्रियनकडे पाहिलं. दाखवावं की दाखवू नये, हे तिला ठरवता येईना. स्वतःचं पडणं आणि त्यावरचं ते खिंकाळणं कुणी का बघावं? पण म्हातारी वर्षभर आपल्या पायाला बोल लावत बसली होती.

“आजी, तुमचा पाय सरकला नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला पाडलंय.”

मथुराबाईने फोन चांगल्या हातात धरून बघितलं. सून मागे वाकून बघत होती, तिने तोंडावर पदर घेतला. म्हातारीने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ती स्वतःकडे बघतच नव्हती. ती गाडीतल्या पोरांचं हसणं ऐकत होती.

“कोनाची पोरं ही?”

संपदाने सांगितलं.

मथुराबाईने ओट्याच्या कडेला सरकून अंगणात थुंकलं. मग सुनेला म्हणाली, “हरीला फोन लाव. आनि माजी चप्पल काढ.”

पोलिस ठाण्यातला हवालदार व्हिडिओ बघताना आधी गालातल्या गालात हसला. समोर कोण बसलंय ते ध्यानात आल्यावर त्याचं हसू मावळलं. मथुराबाईने वाकडं मनगट टेबलावर ठेवलं आणि तक्रार पुरी लिहून होईपर्यंत उचललं नाही. सिप्रियनने साक्षीदार म्हणून सही केली. व्हिडिओत गाडीचा नंबर दिसत नव्हता, पण परेशने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्यासकट टाकलेले इतके होते, की नंबराची गरज पडली नाही.

पोलिसांनी गाडी उचलून आणली. तिच्यातला लाल फिल्टर एका पोलिसाने बॉनेट उघडून साहेबांना दाखवला. परेशचे वडील येऊन गोड बोलून गेले, मग कडू बोलून गेले. हरिश्चंद्रने दोन्ही वेळा त्यांना ओट्याच्या खालूनच परत पाठवलं. खटला उभा राहिला आहे. खातं बंद झालं, तरी व्हिडिओ इतरांच्या फोनवर आहेतच, आणि संपदाचा चुलतभाऊ अजूनही म्हणतो, की एवढ्याशा गमतीचं तिने फार केलं. त्याच्याकडच्या पूजेला ती गेली नाही.

मथुराबाईची बोटं पुरी वळत नाहीत, आता वळायचीही नाहीत. पण ती पुन्हा बाजाराला जाऊ लागली आहे. पाटी घेत नाही, खांद्याला पिशवी लावते. मागून गाडी आली, की थांबते, वळून उभी राहते आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघत राहते, गाडी पुढे निघून जाईपर्यंत.