न पाहिलेल्या खिडकीचं माप

मावशीचा एक नियम होता आणि तो तिने तीस वर्षांत कुणासाठी मोडला नव्हता. खिडकीपुढे स्वतः उभं राहून, टेप लावून माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. पडदे शिवणं हा तिचा धंदा. गिऱ्हाईक फोनवर माप सांगायला लागलं की ती म्हणायची, "सांगा, सांगा, ऐकायला छान वाटतं," आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत टेप टाकून त्यांच्या दारात हजर व्हायची. माणसं आपलं वय, आपला पगार आणि आपल्या खिडकीची उंची कधी बरोबर सांगत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. वयाचं आणि पगाराचं एक वेळ समजण्यासारखं आहे, पण खिडकीपायी कशाला खोटं बोलायचं, ते तिला अजून कळलेलं नव्हतं.

तर हा नियम तिने एका मंगळवारी मोडला, आणि तोही बुटकीसाठी.

बुटकी म्हणजे तिच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोरगी नऊ वर्षांची होती, वर्गात सगळ्यांत ठेंगणी, म्हणून बुटकी. पुढे ती वाढतच गेली. आता ती मावशीपेक्षा चांगली वीतभर उंच होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या. बुटकी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्यांचे साचे, दातांवर बसवायच्या टोप्या, असलं डोळे फोडणारं काम. त्यात तिचा हात असा काही बसला की मोठ्या शहरातल्या एका लॅबने तिला आपणहून बोलावलं. पगार जवळजवळ दुप्पट, पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

मावशीने ही बातमी गल्लीभर मिरवली. मग घरी येऊन मोरीत नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसली. पोरीच्या भल्याचं झालं होतं आणि आपल्याला वाईट वाटत होतं, याचीच तिला जास्त लाज वाटली.

घर बुटकीने फोनवरच एका साइटवर शोधलं. दोन खोल्या, पांढऱ्याशुभ्र भिंती, लॅबपासून दहा मिनिटांवर, आणि हॉलमध्ये ही एवढी मोठी खिडकी. भाडं आसपासच्या घरांच्या निम्मं. घरमालक परदेशात जहाजावर इंजिनिअर होता म्हणे. बोलायला मधासारखा, प्रत्येक वाक्यात एकदा 'ताई'. पैशांपेक्षा घर नीट ठेवणारं माणूस महत्त्वाचं, असं त्याने लिहिलं होतं. स्वतःच्या ओळखपत्राचा फोटोसुद्धा न मागता पाठवला होता. दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून पाठवलं की चावी कुरियरने घरपोच येणार होती.

"न बघता घ्यायचं?" मावशीने विचारलं.

"चावी त्याच्याकडे आहे ना. बघणार कसं? हल्ली सगळं असंच असतं गं. मी फोटो बघितलेत की तेवीस."

मावशी गप्प बसली. हल्लीचं आपल्याला काय कळतं, असं म्हणून गप्प बसायची सवय तिला नव्हती. पण या वेळी तिला स्वतःच्याच तोंडाचा भरवसा नव्हता. पोरीने जाऊ नये असं आपल्याला वाटतं, मग आपल्याला त्या घरात खोट दिसणारच. आंधळ्याला दिसेल इतकं हे उघड होतं. म्हणून ती उलटंच वागली. म्हणाली, "माप विचार त्याला. तुझ्या घराचे पडदे माझ्याकडून."

बुटकीने निरोप टाकला, रॉडपासून जमिनीपर्यंत किती? मिनिटही झालं नाही तोच उत्तर आलं, साडेसात फूट, ताई.

मावशीने फडताळातून मोहरीच्या रंगाचं जाड कापड काढलं. दोन वर्षं ते चांगल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलं होतं. खडूने रेघ मारली आणि कात्री लावली. कापड सरळ कापलं गेलं.

बुधवारी सकाळी मशीनवर बसल्यावर मात्र तिचं चित्त लागेना. दोरा दोनदा तुटला. तिसऱ्यांदा सुईत ओवताना कारण सापडलं. हे माप आलं किती पटकन. तीस वर्षांत तिने हजारभर माणसांना खिडकीची उंची विचारली होती. "थांबा हं, बघून सांगते," असं म्हणणारे होते. "तुम्हीच या ना," म्हणणारे होते. हाताच्या वितीने मोजून काहीतरी अगडबंब आकडा सांगणारेही होते. पण जागेवरून न उठता, चुटकीसरशी साडेसात फूट सांगणारा एकही भेटला नव्हता. बरं, हा तर समुद्रात. बोटीवर बसून कुणाला घरच्या पडद्याच्या रॉडची उंची पाठ असते? पडदे शिवणारणीलासुद्धा स्वतःच्या घरातली सांगता आली नसती.

लॅबमधून रजा काढून बुटकी आवराआवर करत होती. मावशीने तिला हाक मारली आणि मनातलं सगळं सांगून टाकलं. निम्मं भाडं, न दिसणारा मालक, आधी पैसे मग चावी, आणि वर हा पाठ केलेला आकडा.

बुटकीने ऐकून घेतलं. मग हातातली चादर खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "मावशी, खरं सांग. मी जायलाच नकोय ना तुला?"

मावशीने मशीनचं चाक हाताने अर्धवट फिरवलं, परत मागे घेतलं. खोटं बोलणं सोपं होतं, पण समोर जी उभी होती तिला तिने स्वतः लहानाचं मोठं केलं होतं.

"हो, नकोय," ती म्हणाली. "तू गेलीस की हे घर खायला उठेल मला. पण ते माझं दुखणं झालं. मापाचं दुखणं वेगळं आहे. फोनवरचं माप मी नेहमी दोनदा विचारते. मध्ये दिवस जाऊ देते आणि पुन्हा पहिल्यांदाच विचारतेय असं दाखवते. तूही विचार. तेच आलं तर मी आजच पडदे पुरे करते आणि पुन्हा चकार शब्द काढणार नाही."

"त्याला काय वाटेल? पाच वाजेपर्यंत पैसे पाठवायचेत मला. अजून तिघं थांबलेत त्या घरासाठी."

"मग त्या तिघांनाही पडदे लागतीलच की," मावशी म्हणाली. पण बुटकी हसली नाही. फोन उचलून ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली.

मावशीने मशीन चालवलं नाही. तिला त्या पैशांची भीती होतीच. बुटकीने तीन वर्षं रोज डबा नेऊन, बस टाळून पायी जाऊन साठवलेले पैसे होते ते. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आपलं खरं निघालं तर पोरगी फसता फसता वाचेल, पण तिचं नवं घर हातातून जाईल. आपलं खोटं निघालं, तर मावशीने आपल्या वाटेत पाय घातला होता हे ती जन्मभर विसरणार नाही. आणि देवाशपथ, मावशीला त्या क्षणी यातलं कुठलंच नको होतं.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अर्धा तास पुढे सरकला तेव्हा बुटकी आत आली. फोन कापायच्या टेबलावर ठेवला, कापडाच्या शेजारी.

"सहा फूट म्हणाला," ती म्हणाली. "काल साडेसात, आज सहा."

मावशीने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"म्हटलं चुकला असेल. मग म्हटलं, माझी एक मैत्रीण त्याच भागात राहते, ती बाहेरून इमारत बघून येईल, घर नंबर सांगा. तर म्हणतो, वॉचमन कुणाला आत सोडत नाही, आधी पैसे पाठवा. ताई म्हणायचंही विसरला." बुटकीने ओढणीने कपाळ पुसलं. "मग मी तो खिडकीचा फोटो फोनवर शोधायला टाकला. आधीच टाकायला हवा होता. तीन गावांत तीन मालकांची तीच खिडकी आहे, मावशी. एक तर फर्निचरवाल्याच्या जाहिरातीत. सोफ्यासकट."

"पैसे?"

"नाही पाठवले." ती स्टुलावर बसली. "मी रोज मापाचं काम करते गं. साच्यात केसाएवढा फरक पडला तर टोपी परत पाठवते. आणि इथे तेवीस फोटोंवर भाळले."

"तू घरावर भाळलीस. त्यात काय चुकलं? धंदाच आहे त्यांचा, त्यांना भुलवता येतं. त्याचे निरोप पुसू नकोस. उद्या पोलिसांत नेऊन दाखवू, त्या साइटवरही कळवू. आणखी कुणाची तरी बुटकी असेल त्या तिघांत."

बुटकी थोडा वेळ मोहरीच्या कापडाची कड बोटांनी सरळ करत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "जाऊ दे. मी त्या नव्या लॅबला कळवते, येत नाही म्हणून. इथली लॅब काही वाईट नाही. तूही एकटी पडणार नाहीस."

झालं. इतके दिवस मावशीने ज्याच्यासाठी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते, ते आपण होऊन दारात आलं होतं. आता तिने फक्त गप्प बसायचं होतं. एक सुस्कारा टाकून चहाचं आधण ठेवायचं, की संपलं. पोरगी राहिली असती. रोज संध्याकाळी सहाला चपला काढल्याचा आवाज आला असता. आणि वर, फसवणुकीतून वाचवल्याचे उपकारही मावशीच्याच नावावर पडले असते.

मावशीने गप्प बसण्याचा प्रयत्न केला, नाही असं नाही. सुईत दोरा ओवेपर्यंत ती गप्प राहिली.

"उद्या पहाटेची बस किती वाजता असते?" तिने विचारलं.

"कुठली?"

"तुझ्या लॅबच्या गावाची. मी येते बरोबर. पोलिसांचं काम परवा करू. खोल्या पायाने शोधायच्या. दार उघडून बघायचं, नळ सोडून बघायचा, मालकाचं तोंड बघायचं. कागद वाचायचा आणि पावती हातात आल्याशिवाय पैसा सोडायचा नाही. आणि टेप मी घेणार आहे."

बुटकीने मान वर केली. "मावशी, तुला तर..."

"मला काय वाटतं ते सांगून झालंय माझं. बस किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार खोल्या पाहिल्या. पहिलीत ओल होती. दुसरीचा मालक कागदाचं नाव काढताच घाईत निघाला. तिसरी लॅबपासून इतकी लांब की बुटकीचा पगार बसमध्येच गेला असता. चौथी एका निवृत्त नर्सबाईंच्या घराच्या वरची. लहान, ठेंगणी, भाडं मात्र पहिल्या फसव्या घराच्या दीडपट. नर्सबाईंनी आधी घरपट्टीची पावती दाखवली, मग गळका नळ दाखवला, मग म्हणाल्या, "करार वाचून घ्या, घाई नाही. चष्मा हवा असेल तर माझा आहे."

गळका नळ स्वतःहून दाखवणारी मालकीण मावशीला तिथेच पसंत पडली. खोलीला खिडकी एकच होती आणि तिची कडी अडकत होती. मावशी तिच्यापुढे उभी राहिली, स्टुलावर चढली, टेप सोडला. दोनदा मोजलं. रॉडपासून जमिनीपर्यंत सहा फूट.

"अरेच्चा," बुटकी खालून म्हणाली, "त्या लबाडाचं दुसरं माप बरोबर आलं की."

"आलं खरं. पण त्या मापाचं घर त्याच्याकडे नव्हतं," मावशी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पडदे तयार झाले. नव्या खोलीत बुटकीने ते रॉडवर चढवताना उचलून पाहिले, तर खालची बाजू चांगलीच जड लागली. उलटून बघितलं. दीड फूट कापड आत दुमडलेलं होतं, आणि मशीनची टीप नव्हती, हाताचा कच्चा टाका होता, लांब लांब, एका ओढीत निघेल असा.

"हे कापून का नाही टाकलंस?" तिने विचारलं. "इथे तर लागतच नाही."

मावशी खिडकीच्या कडीला तेल घालत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते आणि ते पोरीला दिसायला नको होते.

"इथे नाही लागत," ती म्हणाली. "पुढचं घर मोठं घेशील तेव्हा उसव. आणि तेव्हा माप घ्यायला मला बोलाव."