दिव्याचा अर्थ

वखारीच्या फाटकासमोर इतकी माणसं लोटली होती की मागच्यांना पुढच्यांच्या मानांखेरीज काही दिसत नव्हतं. तरीही मागचेच जास्त खात्रीने सांगत होते, "रडला! या डोळ्यांनी पाहिलं. दिवा रडला!"

दिवा म्हणजे मोटारीचा मागचा, उजव्या बाजूचा लाल दिवा. मोटार होती वखारवाल्याची. गेल्या महिन्यात उताराच्या रस्त्यावर कुणीतरी तिला मागून धडक दिली होती. मोटार झाडावर आदळली, स्टिअरिंगने वखारवाल्याची छाती चेपली आणि तो जागीच गेला. धडक देणारा पळाला तो पळालाच. बॉनेटची घडी झाली होती, पुढचे दोन्ही दिवे फुटले होते, मागच्या डाव्याचा चुरा झाला होता. हा एकच दिवा शाबूत राहिला होता, आणि साखळीबाबांच्या मते वखारवाल्याचा जीव त्यातच अडकला होता.

साखळीबाबांना आणलं होतं वखारवाल्याच्या धाकट्या भावाने. दिवा रडला त्याआधी बराच वेळ बाबा काळ्या झग्यात, हातात जाड लोखंडी साखळी घेऊन डिकीशी उभे होते.

"भक्तांनो, माणसात करंट असतो," बाबा म्हणाले. "पुण्यवानाचा थंड, पाप्याचा गरम! तुम्ही म्हणाल, बाबा, थापा मारू नका. अरे, मग डॉक्टर छातीला तारा लावून काय काढतो? करंटच ना? तो कागदावर काढतो, मी दिव्यावर काढतो. फरक एवढाच, की त्याचा कागद डॉक्टरलाच वाचता येतो. माझा दिवा आंधळ्यालाही वाचता येतो!"

गर्दी हसली. हसणारी गर्दी बाबांना फार आवडे. जो हसतो तो प्रश्न विचारत नाही.

साखळीचा आकडा बंपरमधल्या एका बोल्टला अडकवलेला असे. दुसरं टोक संशयिताच्या हातात द्यायचं आणि त्याने तोच हात डिकीवर ठेवायचा. मधली साखळी बाबा स्वतः दोन्ही हातांनी तोलून धरत, "आत्म्याला झोका बसू नये म्हणून". पाववाल्याने हात ठेवला, दिवा मेलेला. दूधवाल्याने ठेवला, मेलेला. वखारीच्या ट्रकचा ड्रायव्हर थरथर कापत पुढे आला, तरी दिवा मेलेलाच. ड्रायव्हर तिथेच मटकन बसला आणि हमसून रडू लागला. लोकांनी त्याला पाणी पाजलं.

मग गॅरेजच्या गल्लीतल्या ठोक्याला पुढे ढकललं.

ठोक्याने हात ठेवला आणि दिवा भक्कन पेटला. लालभडक. काचेच्या आतून थेंब ओघळू लागले.

लाइटवाली गर्दी फोडून पुढे पोचली ती नेमकी त्या क्षणी. ठोक्या तिचा दीर. नवरा वारल्यापासून दुकान दोघांनी मिळून चालवलेलं. पुढे ती दिवे, बंपर, आरसे विकायची आणि बसवायची, मागच्या शेडमध्ये तो गाड्यांचे पोचे काढायचा. तिच्या जिभेला गल्लीतले पहिलवान टरकून असत. त्याला तोंडच नव्हतं. गाडीच्या दारावरून तो डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि डोळ्यांना न दिसणारा पोचा त्याच्या बोटांना सापडायचा.

दिवा पेटलेला पाहून तिला आठवलं. अपघाताच्या संध्याकाळी हा दुकानाचा टेम्पो घेऊन बाहेर गेला होता. उशिरा आला होता, पिऊन आला होता. हा तर नसेल?

तेवढ्यात पहिला दगड आला.

तो ठोक्याच्या कानशिलावर बसला. तो कोलमडला, तसे चार-सहा जण त्याच्यावर तुटून पडले. लाथांचा आवाज धान्याच्या पोत्यांवर काठ्या बडवल्यासारखा येत होता. कुणी केस धरून त्याचं डोकं बंपरवर आपटलं. पाणी पाजणारेच आता सगळ्यात पुढे होते. चौकीतला हवालदार फाटकाच्या खांबाला टेकून मोबाइलवर हे सगळं टिपत होता.

"कबूल हो!" धाकटा भाऊ ओरडला. "माझ्या दादाला का मारलंस?"

"मी नाही..." ठोक्याच्या तोंडातून शब्दांबरोबर रक्त आलं.

"दिवा खोटं बोलतो काय रे? हात धरा याचा! खोटं बोलणारा हात धरा!"

दोघांनी ठोक्याचा उजवा हात डिकीवर दाबून धरला. धाकट्या भावाच्या हातात हातोडी होती, ठोक्याच्याच शेडमधून आणलेली. एक घाव. लाइटवालीला हाडांचा आवाज ऐकू आला. लाकूड फुटतं तसा नव्हे, काच पिचते तसा. दुसऱ्या घावाला ठोक्या बंपरखाली घसरला, गाल जमिनीला टेकला. तिथून त्याने वर पाहिलं आणि सगळं बळ एकवटून तो ओरडला,

"वहिनी! याला अर्थ नाही! वहिनी, याला अर्थ नाही!"

"आता अर्थ-बिर्थ आठवतोय!" कुणीतरी खेकसलं. "मारताना आठवला नाही?"

गर्दीला वाटलं, माणूस गयावया करतोय. पण लाइटवाली जागच्या जागी थबकली.

हे वाक्य ती रोज ऐकत होती. दिव्याला एका तारेने करंट येतो, पण आलेला करंट गाडीच्या पत्र्यातून परत गेला तरच दिवा लागतो. परत जाण्याच्या त्या काळ्या तारेला कारागीर म्हणतात अर्थ. ती तुटली, गंजली की दिवा मेला. एकदा एक मास्तर बंद पडलेला इंडिकेटर घेऊन आले होते. मागून ठोक्या नेहमीसारखा ओरडला, "वहिनी, याला अर्थ नाही!" मास्तर उसासा टाकून म्हणाले होते, "अहो, आमच्या आयुष्याला नाही, दिव्याचं काय घेऊन बसलात!" त्या दिवशी दोघं पोट धरधरून हसली होती.

ठोक्या गयावया करत नव्हता. बंपरखालून त्याला तार दिसली होती.

आणि मग तिलाही दिसलं, जे येता क्षणीच दिसायला हवं होतं. इतकी वर्षं उन्हातान्हात फिरलेल्या गाडीचा दिवा फिका पडतो. हा नव्या नवरीसारखा चमकत होता. कंपनीच्या दिव्यात सहसा पाणी शिरत नाही. सांधा नीट न चिकटवलेल्या नकली दिव्यात दमट हवा शिरते, धुकं धरतं आणि दिवा तापला की त्याचं पाणी होऊन ओघळतं. असे रडके दिवे तिच्याकडे दर आठवड्याला येत. आत्मा कसला, चिकटपट्टीची बचत!

"सरका!"

कुणी सरकलं नाही. एकाने तिचा दंड धरला. तिच्या हातात दुकानातून येताना आणलेला चाकाचा पाना होता. तो तिने त्याच्या मनगटावर हाणला. माणूस कळवळून बाजूला झाला आणि वाट आपोआप मोकळी झाली.

"बाई, लांब!" बाबा गरजले. "आत्म्याला हात लावशील तर भस्म होशील!"

"झाले तर झाडून घ्या." तिने पाना बंपरच्या फटीत खुपसला आणि अंगाचा भार टाकला. बंपर प्लास्टिकचा, क्लिपांवर बसवलेला. तडातड क्लिपा उडाल्या आणि बंपरचं एक टोक लोंबू लागलं.

"इकडे या," ती गर्दीकडे वळून म्हणाली. "पाववाले, तुम्ही या. ही काळी तार दिसते? कुठून निघाली?"

पाववाला बिचकत वाकला. "दिव्यातून."

"हिची जागा गाडीच्या पत्र्यावर. कुठे नेलीय?"

"बंपरच्या... या बोल्टला."

"बंपर कशाचा?"

"प्लास्टिकचा."

"म्हणजे करंट अडला. दिवा मेला. बटण चालूच आहे, बॅटरी चालूच आहे, बाकीचे दिवे फुटलेत म्हणून कुणाला कळत नाही. आता या बोल्टला साखळी अडकवा आणि ती पत्र्याला लावा." तिने डिकीच्या कडेला बोट ठेवलं. तिथे धडकेने रंग उडून उघडा पत्रा दिसत होता. "बाबांच्या मनात ज्याला सोडायचं, त्याच्या वेळी ते साखळी उचलून धरतात. ज्याला अडकवायचं, त्याच्या वेळी इथे टेकवतात. हात कुणाचाही असो."

तिने बाबांच्या हातून साखळी हिसकली आणि उघड्या पत्र्यावर टाकली. डिकीवर कुणाचाच हात नव्हता.

दिवा भक्कन पेटला.

फक्त ठोक्याचं कण्हणं ऐकू येत होतं.

"या ना, रांग लावा," लाइटवाली म्हणाली. "दूधवाले, ठेवा हात. पेटला! खुनी. हवालदारसाहेब, मोबाइल खिशात घाला, या. पेटला! हेही खुनी. मी ठेवते. पेटला! आता बाबा, तुम्ही."

बाबा मागे सरकले. मागे वखारीची भिंत होती. दूधवाल्याने त्यांचं मनगट धरून हात डिकीवर आदळला. दिवा पेटलेलाच होता. काचेतून एक थेंब ओघळला.

"मी... मला तर यांनीच सांगितलं," बाबांची बोटं धाकट्या भावाकडे वळली. तेज, आत्मा, करंट सगळं गळून पडलं होतं. "दिवा यांनीच बसवला. म्हणाले, ठोक्या आला की टेकवा."

"वहिनी," ठोक्या जमिनीवरून बोलला. प्रत्येक शब्दाला त्याचा श्वास अडकत होता. "यांच्या पिकअपचा बंपर... मीच बदलला. अपघातानंतर. जुन्या बंपरला दादांच्या गाडीचा रंग लागलेला... मी यांना विचारलं, हा रंग कुठून आला. बस्स, तेवढंच विचारलं."

आता धाकटा भाऊ पळाला. फाटकापर्यंत पोचलासुद्धा. तिथे लोकांनी त्याला पाडलं. दुसऱ्या टोळक्याने बाबांना घेरलं. एक दगड भुवईवर बसला आणि झगा रक्ताने भिजला. तेच दगड, तेच हात, तोंडं तीच. ठोक्याचा हात दाबून धरणाऱ्यांपैकी एकाने जमिनीवरची हातोडी उचलली आणि धाकट्या भावाकडे बोट दाखवत म्हणाला, "वहिनी, सांग. याचा कुठला हात?"

लाइटवालीच्या मनात काय आलं असेल? ठोक्याचा हात तिच्या डोळ्यांसमोर होता. बोटं नको त्या दिशांना वळली होती. "दोन्ही" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला असणारच. ती जाऊन धाकट्या भावाच्या पुढ्यात उभी राहिली, पाना आडवा धरून.

"हातोडी खाली टाक."

"अगं, पण यानेच मारलं ना!"

"तुला काय माहीत? मघाशी दिव्याने सांगितलं, म्हणून तू मारलंस. आता माझ्या दिराने सांगितलं, म्हणून मारतोस. तुला खुनी नकोय रे, तुला मारायला माणूस हवाय!" ती धापा टाकत होती. "जुना बंपर माझ्या शेडमध्ये आहे. हवालदारसाहेब, तो ताब्यात घ्या. रंग तपासा, पिकअप तपासा. यानेच केलं असेल तर ते तपासातून बाहेर येईल. माझ्या दिराच्या शब्दावरही कुणाला मारायचं नाही."

कुणी हललं नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, आणि ते मागच्यांनाही ऐकू गेलं, "दिवा पेटला तेव्हा मलाही वाटलं, यानेच केलं. रोज अर्थ जोडणारी बाई मी, क्षणभर मलाही अर्थ बघावासा वाटला नाही. माझ्या हातात पाना होता, म्हणून बरं. दगड असता तर?"

हातोडी खाली पडली. दगड एकेक करत पडू लागले. काही जण तर ते टाकून हात पाठीमागे लपवत होते, जणू हात दुसऱ्याचे.

पाववाल्याने टेम्पो आणला. त्यात उचलून ठेवताना ठोक्याने विचारलं, "वहिनी, तुम्हाला कळलं?"

"कळलं, भावजी. पण उशिरा कळलं."

पुढे पोलिसांनी बंपर नेला. रंग जुळला. वखारीच्या हिश्शावरून भावाभावांत काय शिजत होतं, ते कोर्टात निघालं. साखळीबाबांनी शिक्षा भोगली. सुटल्यावर दूरच्या कुठल्या गावी ते पाण्यावरून चोर ओळखतात म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांची वानवा कुठेच नसते.

ठोक्याचा उजवा हात जुळला, पण बोटांतली जाण गेली. तो आता डाव्या तळहाताने पोचे शोधतो. डोळे मिटतो, हात फिरवतो, चुकतो, पुन्हा फिरवतो. जिच्या डिकीवर त्याचा हात ठेचला ती गाडी पोलीस चौकीच्या मागे गंजते आहे, आणि तिचा तो नकली दिवा पाऊस आला की आजही रडतो.

तुमच्या गावात असा दिवा पेटला, मूर्ती घामेजली, कुणाच्या हातातून राख गळली, तर हात जोडण्याआधी आणि दगड उचलण्याआधी एवढंच करा. खाली वाका. तार कुठून निघते आणि कुठे जाते, ते आपल्या डोळ्यांनी बघा. न कळलं तर ज्याला कळतं त्याला विचारा, आणि तोवर हात आवरा.

अर्थ लागेल.