जिन्याच्या छताचा रंग

“छताला पांढराच घ्या, सगळे तोच नेतात,” रंगाच्या दुकानातली बाई तिसऱ्यांदा म्हणाली. स्तामेनने नमुन्यांची पुस्तिका मिटली आणि दोन दिवसांसाठी ती घरी नेता येईल का, असे विचारले. त्याला ती इस्पितळात न्यायची होती, पण ते त्याने सांगितले नाही.

बल्गेरियातल्या रुसे शहरात, डॅन्यूब नदीकाठच्या जहाजांच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षे भांडारपाल म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर तो राहायचा त्या इमारतीने त्याला व्यवस्थापक केले, कारण तो टापटिपीचा होता आणि दुसरे कोणी तयार नव्हते. सहा वर्षांपूर्वी जिना रंगवायची वेळ आली, तेव्हा त्याने कारखान्यात उरलेला करडा रंग आणला आणि भिंतींपासून छतापर्यंत सगळीकडे तोच लावून घेतला. मळ दिसणार नाही, असे त्याने रहिवाशांच्या सभेत सांगितले होते. मळ दिसला नाही, पायऱ्याही दिसेनाशा झाल्या. जिन्याला खिडकी नव्हती. बटण दाबले की मिनिटभर दिवा लागे आणि आपोआप विझे.

चौथ्या मजल्यावरची दोन्का पूर्वी नाट्यगृहात नटांचे कपडे शिवायची. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका सभेत तिने उठून सांगितले, की पायऱ्या दिसत नाहीत, निदान छत तरी उजळ करा. त्यावर स्तामेन म्हणाला होता, की दोन्काताईंना पायऱ्या दिसत नसतील, पण कोणाच्या घरी कोण येते-जाते ते बरोबर दिसते. सगळे हसले. तीही थोडी हसली आणि खाली बसली.

जानेवारीत ती जिन्यात पडली. खुब्याचे हाड मोडले.

इस्पितळात ती खिडकीशेजारच्या खाटेवर होती. त्याने आणलेली जर्दाळूंची बरणी तिने उशाशी ठेवून घेतली. येताना ट्रॉलीबसमध्ये त्याने माफीचे एक वाक्य जुळवून ठेवले होते, ते काही ओठांवर येईना.

“ताई, जिना रंगवायचाय. रंग तुम्ही निवडा.”

“सभेनं ठरवलं?”

“मी ठरवलं. सभा हो म्हणाली.”

तिने पुस्तिका डोळ्यांजवळ नेली आणि कापड पारखावे तसे एकेक पान उजेडात धरून पाहिले. म्हणाली, “भिंतींचं नंतर. आधी छत.”

“छत कोण बघतं, ताई?” त्याच्या तोंडून निघून गेले.

“मी बघितलंय. चांगली चाळीस मिनिटं. पाठीवर पडले होते, दिवा विझला, बटणापर्यंत हात पुरेना. वर बघितलं तर काहीच नाही. मला वाटलं, उरलेले डोळेही गेले.”

स्तामेनने टोपी हातात गोल फिरवली. मग तो खाली बघत म्हणाला, “आवाज मी ऐकला होता. धप्पकन झालेला. वाटलं, वरचे लोक कपाट हलवतायत.”

“ठाऊक आहे,” दोन्का म्हणाली. “मी हाका मारत होते, तेव्हा तुमच्या टीव्हीचा आवाज वाढला.”

तिने पुन्हा पुस्तिका उघडली. एका चौकोनावर बोट ठेवून तिने सांगायला सुरुवात केली. छताला हा सायीचा रंग, पांढरा नको, तो दिव्यात डोळ्यांवर येतो. भिंती याच्याहून थोड्या गडद. पायऱ्यांच्या कडा तपकिरी, म्हणजे पायरी कुठे संपते ते कळेल. स्तामेनने पाकिटाच्या पाठीवर सगळे लिहून घेतले आणि शाळकरी मुलासारखे तिला वाचून दाखवले.

रंगारी बोलवायला तो तयार झाला नाही. सत्तरी उलटलेला माणूस शिडीवर चढतो म्हणून शेजारी रागावले. पहिल्या हातातून खालचा करडा डोकावला, दुसऱ्यातूनही. तिसरा हात वाळल्यावर एका दुपारी तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे, ती पडली होती तिथेच, उताणा निजला. शेजारची मिल्का भाजी घेऊन वर येत होती. तिने पिशवी टाकली आणि त्याची मान उचलायला धावली.

“पडलो नाही,” तो म्हणाला. “रंग बघतोय.”

मिल्का क्षणभर तशीच वाकून राहिली. मग दिवा विझला, तेव्हा तिने पुन्हा बटण दाबले.

एप्रिलच्या शेवटी दोन्का आली, पण राहायला नाही. मुलगा तिला वार्ना शहरात आपल्या घरी नेणार होता, कपडे आणि शिलाईयंत्र घ्यायला दोघे आले होते. मुलगा आणि टॅक्सीवाला तिला खुर्चीत बसवून वर आणत होते. स्तामेन दुसऱ्या मजल्यावर आपल्या दारात उभा होता, त्याच्याकडे तिने पाहिलेही नाही. दुसरा मजला ओलांडल्यावर मधल्या जागी तिने खुर्ची खाली ठेवायला सांगितली आणि मान मागे टाकून बराच वेळ वर पाहिले.

“किती हात दिले?” तिने कोणालाच उद्देशून नाही, अशा सुरात विचारले.

“तीन,” स्तामेन खालून म्हणाला.

ती कठड्याला धरून उभी राहिली. मुलगा नको नको म्हणत होता, तिने त्याला बाजूला सारले. तपकिरी कडा पायाने चाचपत ती एक पायरी चढली, मग दुसरी. स्तामेन कधी वर आला ते त्यालाही कळले नाही. तो तिच्या मागे एक पायरी सोडून चढत होता, दोन्ही हात पुढे पसरून, तिला न लावता.

सहाव्या पायरीवर दोन्का श्वास घ्यायला थांबली.

“हात खाली घ्या,” ती मागे न बघता म्हणाली. “भरून येतील.”

त्याने ते तसेच ठेवले.