ब्रेकमधली हवा

"ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि डोकं असलेलं माणूस खाली," असं आईला सांगून मी एक चाक काढलेल्या गाडीशेजारी चटईवर आडवी झाले. गळका ब्रेकपाईप मी कालच बदलला होता, स्वतःच्या हातांनी, आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. पेडलचं मात्र उलट. पाईप बदलताना आत हवा शिरली होती, त्यामुळे दाबलं की थेट तळाला.

उद्या आईच्या नव्या नोकरीचा पहिला दिवस. इतक्या सकाळी तिकडे बस नाही. "मेकॅनिक कशाला, मी आहे ना," हेही मीच म्हणाले होते.

कृती वहीत तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेली. आईने पेडल चार वेळा दाबायचं, पाचव्यांदा दाबून धरायचं. मी चाकामागचा बारका नट पान्याने सैल करायचा, हवा नळीतून बाटलीत जाऊ द्यायची, नट आवळायचा. मगच आईने पाय उचलायचा.

"धरलंस?"

"धरलं."

"सोडते."

बुडबुडे आले. पुन्हा केलं. पुन्हा बुडबुडे. अर्ध्या तासाने ब्रेकऑइलचा डबा तळाला, माझे केस तेलकट आणि बुडबुडे पहिल्याइतकेच ताजेतवाने. मी आधी नळीला नावं ठेवली, मग नटाला, शेवटी आईच्या पायाला.

"तू नीट दाबत नाहीस."

"बाईसाहेब, दाब म्हटलं की दाबते, सोड म्हटलं की सोडते."

"मी सोड कधी म्हटलं?"

"दर वेळी म्हणतेस. सोड ते."

मी तशीच पडून राहिले. वर बघायला तोंड नव्हतं. मी नट सोडत होते, ती पेडल, आणि उघड्या नटातून हवा परत आत. मेकॅनिक 'सोडतो' म्हणाला असता आणि काम झालं असतं. पोरगी असण्याचा हा तोटा वहीत नव्हता.

"तीन रंग वापरलेस, एक शब्द बदल की," आई वरून म्हणाली.

'सोडते'चं 'उघडलं' झालं. उरलंसुरलं ऑइल मी थेंबही न सांडता टाकीत ओतलं. चौथ्या खेपेला नळीतून नुसतं ऑइल आलं. चाक चढवून आईने अंगणातल्या अंगणात गाडी दहादा थांबवली. पेडल घट्ट.

सकाळी ती किल्ली फिरवत म्हणाली, "बस. शाळेत सोडते."

"आधी धर," मी पट्टा लावत म्हणाले.