दुसरा पाय

चर्चच्या मागच्या खोलीत, टांगलेल्या कोटांच्या आड उभं राहून व्हर्डा वेंगरने गोठ्यातले रबरी बूट ओढून काढले. डाव्या बुटात शेणाचं पाणी शिरलं होतं. तिने रुमालाने मोजे वरवर टिपले आणि त्याच मोज्यांवर चर्चचे काळे बूट चढवून नाड्या करकचून आवळल्या. आत बायकांनी भजन धरलं होतं.

पाय धुण्याच्या संध्याकाळी घरून पाय धुऊन यायचं, असं कुठे लिहिलेलं नाही. पण मिल क्रीकच्या चर्चमंडळीत याच्याइतका कडक नियम दुसरा नसेल. येशूने शिष्यांचे पाय धुतले ते धुळीने भरले होते म्हणून. इथल्या बायका मात्र गुड फ्रायडेच्या आदल्या दुपारी गरम पाण्यात पाय भिजवतात, नखं कापतात, नवे मोजे घालतात आणि संध्याकाळी एकमेकींचे तेच स्वच्छ पाय गंभीर तोंडाने पुन्हा धुतात. व्हर्डा त्यांच्यात सगळ्यांत काटेकोर. आज गाय नेमकी दुपारी अडली आणि वासरू मोकळं करता करता दिवस कलला. घरी जाऊन पाय धुवायचे तर पाय धुणं आणि त्यानंतरचं सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन चुकलं असतं. एरवी तिने तेही सोसलं असतं, पण आज न येणं म्हणजे ऑर्फाला मैदान मोकळं करून देणं होतं.

ऑर्फा तिची भावजय. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याला आणि दोन लेकरांना टाकून ती एका परक्या माणसाबरोबर फ्लोरिडाला निघून गेली. व्हर्डा आपलं बिऱ्हाड उचलून भावाच्या घरी आली. तिने लोर्ना आणि वेस्ली या लेकरांचे डबे भरले, ताप उतरवले, गाई सांभाळल्या आणि शेवटी भाऊ गेला तेव्हा त्याला मूठमातीही दिली. आणि या नाताळात ऑर्फा परत आली, मंडळीपुढे उभी राहून रडली, माझं चुकलं म्हणाली. झालं! पाळकांनी सांगितलं की देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती मिळते. बायका तिच्या गळ्यात पडल्या. व्हर्डाने वाढवलेल्या लोर्नाने तिला जराही न अडखळता आई म्हटलं. जूनमध्ये लोर्नाचं लग्न, आणि पुढच्या बाकावर नवरीची आई म्हणून ऑर्फा बसणार होती.

कमवावी लागत नाही म्हणे. मग व्हर्डाने इतकी वर्षं पहाटे उठून काय केलं होतं? जन्मभर राबणाऱ्याच्या वाट्याला काही नाही आणि पळून जाणारीला परत येताच मेजवानी, हा कुठला न्याय? तिने हे देवाला रोज विचारलं होतं, आणि ते काही प्रार्थनेच्या सुरात नव्हतं.

माणसांना मात्र ती काही बोलली नव्हती. प्रीतिभोजनाआधी डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, लॉइडभाऊ घरोघर जाऊन विचारतात, मंडळीत सगळ्यांशी तुमचा सलोखा आहे ना? यंदा त्यांनी विचारलं तेव्हा व्हर्डाने त्यांच्यापुढे ॲपल-पायची बशी सरकवली आणि आहे म्हणून सांगितलं.

ती सभागृहात आली तेव्हा बायकांचं टेबल भरलं होतं. तिच्या नेहमीच्या जागेवर कुणाची तरी पाहुणी बसली होती. टेबलाच्या टोकाला ऑर्फा होती आणि तिच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती. तेवढी एकच. नाताळात गळ्यात पडलेल्या सगळ्या जणी आज तिच्यापासून दूर, दाटीवाटीने बसल्या होत्या. व्हर्डाला त्यांचाही संताप आला. रडायला सगळ्या पुढे, आणि शेजारी बसायला मात्र आता व्हर्डा!

ती बसली. पाण्याचं घमेलं डावीकडून सरकत येत होतं. जिचे पाय धुऊन होतात तिने कमरेला टॉवेल बांधायचा आणि उजवीकडचीचे पाय धुवायचे, अशी इथली रीत. म्हणजे व्हर्डासमोर गुडघे टेकणार होती ती ऑर्फा.

ऑर्फाचे पाय धुऊन झाले. तिने टॉवेल बांधला, घमेलं पुढे ओढलं आणि खाली बसली.

"एकच धू," व्हर्डा पुटपुटली. "सगळे जेवायचे खोळंबलेत."

तिने उजवा बूट काढला, मोजा उतरवला. गोठ्याचा वास टेबलभर पसरला. समोरच्या एर्माबाईंनी भजनाचं पुस्तक नाकापर्यंत वर नेलं. साऱ्या जगात आज हिच्याच हातात हा पाय द्यायचा होता!

इतर जणी ओंजळभर पाणी सोडून मोकळ्या होत होत्या. ऑर्फाने बोटांमध्ये अडकलेलं गवत काढलं, घोट्यावरचं वाळलेलं शेण अंगठ्याने चोळून भिजवलं.

"गाय व्याली?" तिने खाली बघतच विचारलं.

"वासरू आडवं होतं."

"वाचलं?"

"वाचलं."

ऑर्फाचा हात करंगळीवर थांबला. करंगळी मोडून वाकडी बसलेली होती.

"हे कधी झालं?"

"वेस्लीला गोवर निघाला होता तेव्हा. त्याला उचलून जिना उतरताना पाय घसरला." व्हर्डाचा आवाज दबका होता, पण धार जशीच्या तशी होती. "तुला कुठून माहीत असणार?"

हिने आता रडावं, माफी मागावी, म्हणजे आपण तोंड फिरवू, असं व्हर्डाने ठरवून टाकलं. ऑर्फा रडली नाही.

"नाही माहीत मला," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते."

तिने ती करंगळी धुतली, टॉवेलच्या कोरड्या टोकाने टिपली. मग घमेल्यातलं काळपट पाणी पाहिलं आणि लॉइडभाऊंच्या बायकोला हाक मारून नवं पाणी मागितलं. मिल क्रीकमध्ये मध्येच पाणी बदलायची वेळ कधी आली नव्हती. भजनाचं कडवं संपलं आणि पुढचं कुणी उचललंच नाही. साऱ्या टेबलाचं लक्ष त्या घमेल्याकडे लागलं.

स्वच्छ, गरम पाणी आलं. ऑर्फा गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. तिने डाव्या बुटाकडे हात नेला नाही की मान वर करून काही विचारलंही नाही.

व्हर्डा त्या पाण्यातून वर येणारी वाफ बघत राहिली. टॉवेल मागून घ्यायचा, उठायचं, शेजारच्या म्हाताऱ्या आयडाबाईंचे पाय धुवायचे, की सुटका. तिला ते फार छान जमत असे. दुसऱ्यांचे पाय धुताना तिचा हात कधी अवघडला नव्हता. उजवा पाय तिने पुढे केला होता तोही त्यातल्या त्यात बरा होता म्हणून.

तिने वाकून डाव्या बुटाची नाडी सोडायला घेतली. ओलाव्याने गाठ घट्ट बसली होती, तिला वेळ लागला.

"हा जास्त घाण आहे," ती म्हणाली.

"असू दे," ऑर्फा म्हणाली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.