लग्नपत्रिकेचं गॅस्केट

...पांढरी भुकटी होती ती. बोट लावलं की गळायची, आणि खालचा धातू भिजलेल्या खडूसारखा मऊ. स्क्रूभोवतीची भुकटी ज्ञानेशनं फुंकली, ती डोळ्यांत गेली, आणि त्यानं शिवी हासडली – कुणाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आईला तर नक्कीच नाही. पण इंजिनची ही कव्हरं खाल्ली होती ती आईनंच. दर दसऱ्याला ही त्याची आई, अक्काबाई, देवाच्या तांब्या-पितळेबरोबर किशोरदादाची ही जुनी शर्यतीची डर्ट बाईकही चिंच-मीठ लावून घासायची, आणि तांब्याला मानवतं ते कव्हरांच्या मॅग्नेशियमला मानवत नाही, हे मखमलाबादच्या मळ्यात तिला सांगणार कोण? ज्ञानेशला ठाऊक होतं. बावीस वर्षं ठाऊक असून तो तोंड शिवून बसला. घासू दे, झिजू दे... सगळं एकदाचं खाऊन गेलं की आत काय होतं ते कुणाला कळायचं नाही, असं काही मनात होतं का? असेलही.

आता खरंच भोक पडलं होतं. गाडी भंगारात द्यायला आई तयार नव्हती, म्हणून नवी कव्हरं मागवली; ती कालच कुरिअरनं आली. पण जुनी खोलल्याशिवाय नवी बसत नाहीत, आणि जुनी खोलायला तर तो इतकी वर्षं घाबरत होता.

कारण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी क्लचचं कव्हर त्यानंच बसवलं होतं. वय सतरा, अंगात मेकॅनिक संचारलेला. किशोरदादानं पहिल्यांदाच ते काम त्याच्यावर सोपवलं होतं. ऑइल गळू नये म्हणून कव्हरखाली घालतात ते गॅस्केट मिळेना, तेव्हा त्यानं वहीचा निळा पुठ्ठा कापून घातला – मापात, अगदी जीव ओतून. दुसऱ्या दिवशी पेठ रोडपलीकडच्या माळावर तिसऱ्या फेरीला दादा घसरला तो उठलाच नाही. मागचं टायर ओलं होतं म्हणे. कशानं ओलं? धुरळा बसावा म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं... की माझ्या पुठ्ठ्यातून ऑइल गळलं? विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं.

शेवटचा स्क्रू सुटला. लाकडी हातोडीनं दोनदा हळूच ठोकल्यावर कव्हर हातात आलं, कडेचा तुकडा मोडूनच. पुठ्ठा इंजिनलाच चिकटून होता. ज्ञानेशनं फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला.

निळा नव्हता. ऑइलनं तपकिरी झालेल्या कागदावर लाल अक्षरं होती – 'आमचे येथे श्रीकृपेकरून', आणि पुढचं बोल्टच्या भोकात गेलेलं. लग्नपत्रिका. अशी गॅस्केटं कापायचा तो दादा. कागद जाड असतो आणि लग्नं काही संपत नाहीत, असं म्हणायचा. त्यानंतर तर इंजिनला कुणी हात लावला नव्हता. मग माझा पुठ्ठा?

अक्काबाई चहा घेऊन आली होती. हे कोणी घातलं, असं त्यानं विचारलं. ती वाकून बघत राहिली.

"किशोरनं. पहाटं उठून त्यानं परत खोललं व्हतं. तू झोपेल व्हता."

"मला कधी बोलली नाहीस."

"तोच म्हनला, ज्ञान्याला सांगू नको. लय मन लावून केलंय त्यानं."

एवढं बोलून ती शेवंतीच्या वाफ्यांकडे निघून गेली. तिला बिचारीला काय माहीत, काय ओझं होतं आणि ते कुठं पडलं.

आता हायसं वाटायला हवं होतं. माझ्या हातून काही झालं नाही... त्यानं हे मनाशी दोनदा म्हणून पाहिलं; दोन्ही वेळा ते दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं वाटलं. उलट राग आला, थेट दादाचा – माझं काम पटलं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं ना! चार शिव्या दिल्या असत्यास, तर बावीस वर्षं सुखानं झोपलो असतो. पण हा राग आहे की माया, हेही त्याला उमगेना. रोज अंघोळीनंतर, कुणाला कळू न देता, तो दादाची माफी मागायचा. दिवसभरात दादाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच.

उद्या काय बोलायचं, ते त्याला सुचेना.