सार येईपर्यंत

सॅमनचं एक अंडं भाताच्या ढिगावरून घरंगळत वाडग्याच्या कडेला येऊन थांबलं होतं, आणि त्यात काउंटरवरचा दिवा उलटा लटकत होता — इवलासा, नारिंगी, पूर्ण. गोल आणि पारदर्शक वस्तूत उलटं दिसणारच, त्यात नवल काही नाही, असं मिसुझुनं स्वतःला सांगितलं. तरी ती बघत राहिली, कारण बघत राहिलं की बोलावं लागत नव्हतं.

सार येईपर्यंत सांगायचं, हे तिनं बाहेर रांगेतच ठरवलं होतं. या दुकानाची रीतच तशी होती. वाडगा तळाला आला की थोडा भात आणि माशाचे दोन-चार काप राखून ठेवायचे, वाडगा वर उचलून द्यायचा, मग मालक, तोगाशी, त्यावर माशाचं उकळतं सार ओतत. ते पिऊन झालं की उठायचं, जागा मोकळी करायची. म्हणजे सारापूर्वी. सारापूर्वी आईला सांगायचं, की मी गावी परत येत नाहीये, कुशिरोला जातेय, उत्तरेला, समुद्राचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत... आणि उद्यापर्यंत त्यांना होकार कळवायचाय.

"वरच्या खोलीतल्या चटया बदलून घेतल्या बरं का," आई म्हणाली. फुसाए, तिची आई, डाव्या हाताला बसली होती, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ. "नव्या गवताचा वास काही जात नाहीये अजून. आलीस की पहिले काही दिवस खिडकी उघडीच ठेव."

म्हणजे आईच्या लेखी मी आलेलीच आहे. खिडकीशी उभीसुद्धा आहे.

उजवीकडे भिंत होती, डावीकडे आई, आणि पाठीमागे दारातून आत वळलेली रांग. कानाझावाचा बाजार हिवाळ्यात असाच भरतो, आणि हे दुकान टीव्हीवर दाखवल्यापासून तर जास्तच. लोकांच्या ओल्या कोटांचा गारवा तिच्या पाठीला लागत होता. उठायचं म्हटलं तर आधी आईनं उठायला हवं, त्याआधी तिच्या पलीकडच्यानं, आणि त्याआधी रांगेनं भिंतीला चिकटायला हवं... एकटीनं बाहेर पडण्याची सोयच नव्हती.

"अहो, पोट आत घ्या जरा," मागे एक बाई नवऱ्याला म्हणाली, ओसाकाकडच्या खणखणीत आवाजात. "त्या पोरीचा घास अडकेल."

"आत कुठे घेऊ? सकाळपासून आत काही गेलंच नाहीये!"

रांग हसली. आईही हसली, अर्धी वळून वाकली, "झालंच हं आमचं, झालंच," म्हणाली — वाडगा अजून शिगोशीग भरलेला असताना. आई नेहमी अशीच माफी मागते, अजून न झालेल्या उशिराची.

"हे घे. ट्यूना. तुला आवडतो."

आईनं जेवणाच्या काड्यांत धरलेला लाल काप पुढे केला, आणि मिसुझुच्या काड्या आपोआप वर आल्या, तो झेलायला — आणि दोघींचे हात एकदम थिजले. तोगाशींनी नजर सुरीकडे वळवली. काड्यांतून काड्यांत द्यायचं-घ्यायचं ते फक्त एकाच ठिकाणी, स्मशानात अस्थी वेचताना, भट्टीतून बाहेर आलेल्या तबकापाशी... बाबांचं हाड किती हलकं होतं. कॅल्शियम फॉस्फेट, बाकीचं सगळं जळून गेलेलं, असं माझं डोकं तेव्हाही म्हणत होतं. आणि त्या हाडाच्या दुसऱ्या टोकाला आईच्या काड्या होत्या, आणि त्या जराही थरथरत नव्हत्या. कलशाचं झाकण लागल्यावर ती म्हणाली होती, आता आपण दोघीच. सांत्वन करावं तसं म्हणाली होती. मला ते झाकणाच्या आवाजासारखं ऐकू आलं.

"वाडग्यात घे," आई पुटपुटली आणि काप सरळ भातावर ठेवून मोकळी झाली.

आणि मग थांबलीच नाही. ट्यूना झाला, कोळंबी आली. कोळंबी संपते तोवर माकूळ. मिसुझु भराभर खात होती. शाळेत हौदाची गणितं असत, एका नळानं भरणारा, दुसऱ्यानं रिकामा होणारा, आणि उत्तर नेहमी निघायचं, कारण गणित घालणाऱ्यानं तशी काळजी घेतलेली असायची. इथे पातळी उतरतच नव्हती. वाडगा तळाला लागल्याशिवाय सार नाही, आणि सार जवळ आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही... मीच घातलेली अट. त्या अटीवर आई आता एकेक काप रचत होती, प्रेमानं, नीट, एकावर एक.

आता सांगावं. हा घास गिळला की. त्या घासाला वासाबीचा तो हिरवा, नाकात झिणझिणणारा ठेचा जास्त लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आईनं चहाचा पेला तिच्याजवळ सरकवला. अशा वेळी कसं सांगायचं?

तेवढ्यात आईनंच आपला वाडगा वर उचलला. "सार घालता का?"

तोगाशींनी आत डोकावून पाहिलं. "अहो काकू, नुसत्या भातावर ओतू? मासे कुठे गेले? पोहत पोहत लेकीकडे?"

मागची ओसाकाची बाई फिसकन हसली.

"ताई, दोन काप द्या आईला परत," ते म्हणाले. "पहाटेपासून उकळतोय सार, त्याची तरी लाज राखा."

मिसुझुनं बुरी माशाचा एक जाडसर काप उचलला आणि आईच्या वाडग्याकडे नेला. आईनं वाडगा खाली घेतला. त्यावर तळहात ठेवला.

"नको गं."

"घे ना."

"नको म्हटलं ना. मला नाही आवडत कच्चा मासा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. लिबलिबीत लागतो."

"मग आलो कशाला आपण इथे?"

"तुला यायचं होतं ना?" आई म्हणाली, खरंच आश्चर्यानं.

मला? फोनवर आई म्हणाली होती, टीव्हीवर ते माशाच्या भाताचं दुकान दाखवत होते. आणि पुढचं वाक्य काय बोलावं ते न सुचून मी म्हणाले होते, जाऊ या का... कारण मला वाटलं, हिला जायचंय. म्हणून आम्ही गाडीत बसलो. थंडीत रांगेत उभ्या राहिलो. दोघी एकमेकींच्या हौसेखातर.

काप काड्यांत तसाच लटकत होता. नको. किती सहज म्हणाली आई, माशी हाकलावी इतक्या सहज. आणि वाडग्यावरचा तो हात जुनाच होता, भाजल्याचा डाग असलेला, पण त्यानं असं काही अडवलेलं मिसुझुनं कधी पाहिलं नव्हतं. मग त्या चटया... त्या तरी कोणासाठी बदलल्या? हिला मी यायला हवी आहे, की मला यायचं आहे असं हिला वाटतंय? आणि मी सांगितलं, आणि ही तशीच, त्याच आवाजात म्हणाली, बरं, जा — तर?

या विचारानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. इतके दिवस ज्या दाराला आतून धक्के देतेय ते मुळात लावलेलंच नसेल, तर मग इथे मला धरून ठेवलंय कोणी?

"ताई, तुमचंही घालतो, लोक थांबलेत," म्हणत तोगाशींनी तिच्यापुढचा वाडगा उचलला, सार ओतलं आणि परत ठेवला. वाफ तोंडावर आली. आतले काप कडांकडून पांढरे होत गेले. एकदा उलगडलेली प्रथिनं पुन्हा तशी दुमडत नाहीत. काड्यांतला काप तेवढा अजून कच्चा होता. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता, आणि त्यापलीकडे आईचा हात, वाडग्यावर तसाच.

"आई," ती म्हणाली.

"हं?"

मागे रांग एका माणसानं पुढे सरकली. मिसुझुनं नजर खाली नेली, सवयीनं, वाडग्याच्या कडेकडे. अंडं तिथेच होतं, पण सारानं पांढुरकं पडलेलं. त्यात आता दिवा नव्हता. बघत बसण्यासारखं काही नव्हतं.